अंगठा दाबला की तोंड उघडायचं

आमच्या घरात आबांना हाक मारायची पद्धत नाही. आबा म्हणजे माझे वडील. ते झोपलेले असले आणि उठवायचं असलं, तर पायाचा अंगठा दाबायचा. जागे असले तर समोर जाऊन उभं राहायचं आणि तोंड नीट उघडून बोलायचं. पाठीमागून कितीही ओरडा, उपयोग नाही. सुरतेकडच्या बमरोलीतल्या आमच्या गल्लीत कुणी पाव्हणा आला आणि दारातून ‘ओ आबा’ म्हणाला, की आई आतून लगबगीनं बाहेर यायची आणि सांगायची, ते जरा कामात आहेत. आबा खाटेवर बसून भिंतीकडे बघत असायचे. काम कसलं नि काय!

सव्वीस वर्षं त्यांनी कापडाच्या यंत्रमागावर काढली. खानदेशातून आलेली आमच्या गल्लीतली निम्मी माणसं मागावरचीच. मागांच्या शेडमध्ये इतका खडखडाट असतो की तोंडानं बोलून काही होत नाही. तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचतात आणि बोटांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा ओठाला लावला की चहा आला. दोन्ही गाल फुगवले की शेठ आला. मी लहानपणी समजायची की सगळ्यांचे बाप असेच बोलतात. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी गेले, तर तिचा बाप पेपरात डोकं घालून, तिच्याकडे न बघताच तिच्याशी बोलत होता. मला तो माणूस फार उद्धट वाटला होता.

आबांचे कान एका दिवसात गेले नाहीत. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची कडी, मग आईचं पुटपुटणं. आई म्हणायची, बरं झालं, निदान मी काय काय बोलते ते तरी कळत नाही. मग मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले, आणि एका दुपारी फोनवर त्यांना म्हटलं, आबा, तू जेवलास का? आमच्या बोलीत बापाला तूच म्हणतात. पलीकडून ते म्हणाले, हां हां, ठीक शे. मी म्हटलं, पोरगी तापानं फणफणलीय. ते म्हणाले, हां हां, ठीक शे. तेव्हा मला कळलं, कान पुरते गेले.

मागाचा कारखाना बंद पडल्यावर ते पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये लागले. कापड रंगवायच्या मशीनवर. मशीनमध्ये पाणी तापलं की बझर वाजतो आणि वर एक लाल दिवा लागतो, मग वाल्व फिरवायचा. बाकीचे बझर ऐकून उठतात. आबा दिव्याकडे बघत बसतात. तीन वर्षं झाली, मशीनसमोर त्यांनी पापणी लववली नसेल. दिवा उडाला तर पंचाईत, म्हणून शर्टाच्या वरच्या खिशात तसाच एक दिवा कायम ठेवलेला, कागदात गुंडाळून. स्वतःच्या पदरचा. मिलमध्ये त्यांचं कौतुक, की हा माणूस फार लक्ष देऊन काम करतो.

कान गेल्याचं मिलमध्ये कुणाला माहीत नव्हतं आणि कळू द्यायचंही नव्हतं. त्यांच्या आधी त्या मशीनवर असलेल्या एकाचं असंच उघडकीला आलं, तर आधी त्याला झाडू मारायला लावलं आणि मग गेटबाहेर केलं. आबांनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं होतं, “माले ऐकू येत नही, हाई कोनले सांगू नका.” झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वर आणि. आम्ही दोघींनी मूठ झाकली. मला कितीदा वाटलं, की ही मूठ नाही, ही उकळत्या पाण्याशेजारी बसलेल्या माणसाची फसवणूक आहे. पण बोलले नाही. काम गेलं तर हा माणूस खाटेवर बसून भिंतीकडे बघत मरेल, हे मला दिसत होतं.

मग दाढेचं निघालं. खालची डावीकडची दाढ किडून तुटली, मुळं आत राहिली, गाल सुजून भाकरीएवढा झाला. गल्लीच्या तोंडाशी एक दातवाला आहे, त्याच्याकडे गेलो. त्यानं आरसा तोंडात घातला मात्र, आबांना अशी ओकारी आली की त्याचा पांढरा कोट खराब. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. कुठलीही वस्तू जिभेच्या मागे गेली की पोट उलटायचं. तो म्हणाला, काका, तुमचं माझ्याच्यानं होणार नाही. गोळ्यांनी सूज उतरायची आणि महिन्याभरात पुन्हा चढायची. भाकरी दुधात कुस्करून खायचे, तीही एका बाजूनं. वेदनेनं रात्री उठून बसायचे आणि आपण कण्हतोय हे त्यांना स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे सगळी गल्ली जागी व्हायची.

मिलच्या सुपरवायझरनंच भेस्तानचा दवाखाना सुचवला. म्हणाला, माझी पण दाढ तिथेच काढली, डॉक्टर आपल्या ओळखीचे, घाबरणाऱ्यांना गुंगी देऊन काढतात. ओळखीचे म्हणजे चांगलं, असं आबांना वाटलं. मला त्याच शब्दाची धास्ती वाटली. तिथे जे कळेल ते पांडेसऱ्यात कळेल.

भेस्तानचे डॉक्टर गुजराती, पोक्त, शांत माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी गॅसचा प्रयोग केला. नाकावर बसणारा रबरी मास्क, त्यातून हलकी गुंगी आणणारा गॅस येतो, माणूस सैलावतो, ओकारी कमी होते, आणि मास्क काढला की पाच मिनिटांत ताजातवाना. लहान मुलांनासुद्धा देतात, म्हणाले. पण गॅस घ्यायला नाक लागतं! सव्वीस वर्षांची रुई बसलेलं नाक ते. आबा तोंडानं श्वास घेतात. मास्क नाकावर आणि श्वास तोंडानं, गॅस गेला हवेत. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरलाच जांभया यायला लागल्या. डॉक्टर हसले आणि म्हणाले, आता शिरेतून द्यावं लागेल.

त्यांनी मग सगळं समजावून सांगितलं, आणि ते ऐकताना मी खुर्चीत आक्रसत गेले. म्हणाले, हातावरच्या शिरेत सुई लावू. भूल देणाऱ्या एक डॉक्टरीणबाई सुरतेतून येतील, त्या थोडं थोडं औषध सोडतील. पूर्ण बेशुद्ध करायचं नाही. काका गुंगीत असतील, भीती वाटणार नाही, नंतर बरंचसं आठवणारही नाही. पण हाक मारली की ओ देतील, तोंड उघडा म्हटलं की उघडतील, श्वास घ्या म्हटलं की घेतील. मग ते जे म्हणाले ते माझ्या कानात अजून आहे: “हाकेला ओ देताहेत तोवर सगळं ठीक. ओ येईनाशी झाली, की आम्ही समजतो औषध जास्त झालं.”

आबा माझ्या शेजारी बसले होते. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता, म्हणजे आबांना एक अक्षर कळलेलं नव्हतं. प्रत्येक वाक्याला ते मान हलवत होते. हां साहेब. हां साहेब. डॉक्टर मला म्हणाले, तुमचे वडील फार समजूतदार आहेत.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. सिस्टरनं फॉर्म भरला, मी एकेका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं. बीपी आहे का, थोडं आहे. शुगर नाही. दमा नाही. घोरतात का, गल्ली हलते. तंबाखू खातात. दारू घेतात का, तर तेही खरं सांगितलं, दारूबंदीच्या गुजरातेत राहून! होळीला आणि लग्नाला, असं हळूच म्हटलं. सिस्टरनं तेही लिहिलं. कानांचं त्या फॉर्मवर काही नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी माझ्या मनाला म्हटलं, त्या वेळी मी तिथे असेनच, बघू. ‘बघू’ या शब्दानं माझं आयुष्यभर वाटोळं केलंय.

घरी येऊन मी आबांच्या समोर बसले आणि ओठ उघडून उघडून सगळं सांगितलं. सहा तास पोटात अन्न नको, पाणीसुद्धा थोडं आधी बंद, सुई, गुंगी, दुसऱ्या दिवसापर्यंत मशीनला हात लावायचा नाही. त्यांनी शांतपणे वाचलं. सुईचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी एकच विचारलं, “मना डोया झाकतीन का?” माझे डोळे झाकतील का? मी म्हटलं, नाही रे, डोळे कशाला झाकतील, दाढ काढायचीय. त्यांचा जीव भांड्यात पडला. मला तेव्हा कळलं नाही की या माणसाला डोळे म्हणजेच कान आहेत, डोळे झाकले तर तो विहिरीत पडल्यासारखाच. किंवा कळलं असेल आणि मी ते बाजूला सारलं असेल. आता काय सांगू.

ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला आम्ही भेस्तानला पोहोचलो. नात्यातलं कुणीतरी सोबत लागतंच, घरी न्यायला, म्हणून मी. मला आत बसू द्या म्हणून मी हट्ट धरला. डॉक्टर म्हणाले, बसा, पण पायाशी, आणि मध्ये बोलू नका. बोलू नका! मी मान डोलावली. आमच्या घराण्याची मान ती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चटपटीत. त्यांनी बोटाला चिमटा लावला, त्याबरोबर मशीन टिक टिक वाजायला लागलं आणि पडद्यावर अठ्ठ्याण्णव आकडा आला. रक्तातली हवा, त्या म्हणाल्या. नाकात ऑक्सिजनची बारीक नळी घातली. हातावर सुई लावली आणि सिरिंज अगदी सावकाश दाबायला लागल्या. मिडाझोलाम, मी नाव विचारून घेतलं होतं, म्हणजे काही कमी-जास्त झालं तर मला निदान नाव माहीत असावं. काय उपयोग होता त्याचा, देव जाणे. थोडं दिलं की त्या थांबायच्या आणि विचारायच्या, काका, कसं वाटतंय? आबा त्यांच्या डोळ्यांकडे बघून मान हलवायचे. त्या पुन्हा थोडं द्यायच्या. त्यांना वाटत होतं की ओ येतेय. मला माहीत होतं की ती ओ नाही, ती फक्त मान आहे. मी ओढणीचा शेव पिळत बसले होते.

मग आबांच्या पापण्या जड झाल्या. आणि त्याच वेळी सिस्टरनं वरचा दिवा लावला, त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि तोंडापुरती जागा सोडून चेहऱ्यावर हिरवं कापड टाकलं. दिव्याचा त्रास होऊ नये म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे डोळे झाकले आणि मी तिथे पायाशी बसून राहिले.

“काका, मोढुं खोलो,” डॉक्टर म्हणाले. तोंड उघडलं नाही. “काका, मुँह खोलिये.” नाही. डॉक्टरीणबाई कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, काका, श्वास घ्या, मोठा श्वास. काही नाही. आबांची मान एका बाजूला कलली आणि टिक टिकचा आवाज खाली उतरायला लागला. ते मशीन तसंच असतं, आकडा पडला की सूर पडतो. पंच्याण्णव, चौऱ्याण्णव. तो सूर खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होता, ज्याचा होता तो सोडून. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी त्यांचा जबडा वर उचलला, ब्याण्णववरून आकडा हळूहळू पुन्हा वर चढला. बाईंच्या कपाळावर घाम दिसला मला. त्यांनी ट्रेमधली दुसरी सिरिंज उचलली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, फार खोल गेलेत, मी उतारा देते, आज राहू द्या.

आज राहू द्या म्हणजे दाढ राहिली, पू राहिला, पुन्हा सूज, पुन्हा तीच रात्र. आणि पुन्हा या खुर्चीत आबा बसणार नाहीत, हे मला आरशासारखं दिसत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि एक गोष्ट त्याहून वाईट होती: औषध खरंच जास्त झालंय, की नुसतं ऐकू येत नाहीये, हे त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं. मलाही नाही.

तेवढ्यात आबा बोलले. कापडाखालून, मोठ्यानं, कारण त्यांना आपला आवाज कळत नाही. “अंधारं पडी गयं… कोन शे? माले काहीच ऐकू येत नही… माय, तू कथी गयी?” माय म्हणजे मी; कुठे गेलीस, असं विचारत होते.

सगळे थांबले. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. काय म्हणतायत?

आमची बोली त्यांना कळत नव्हती. मला आठवतंय, मी म्हटलं, पाणी मागतायत. तोंडातून निघून गेलं. तीन वर्षांची सवय, जीभ आपोआप तिकडेच वळली. बापाचा श्वास अडकलाय आणि लेक त्याची नोकरी राखतेय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी देता येणार नाही, आणि सिरिंज सुईकडे नेली. कापडाखाली आबांचे ओठ थरथरत होते. लहान पोर गर्दीत हात सुटल्यावर करतं तसं. पंचावन्न वर्षांचा माणूस.

मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, “त्यांना ऐकू येत नाही. अजिबात येत नाही. ते आत्ता तेच सांगत होते.”

 डॉक्टर असे संतापले की मास्क हलायला लागला. म्हणाले, हे तुम्ही आत्ता सांगताय? फॉर्म भरताना काय झोपला होतात? मी म्हटलं, फॉर्मवर कान नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि मग मला रडूच फुटलं. डॉक्टरीणबाई मात्र एका शब्दानं रागावल्या नाहीत. त्यांनी उताऱ्याची सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, जबड्याला हात तसाच ठेवला आणि विचारलं, मग घरी उठवता कसं?

मी आबांच्या पायाचा अंगठा दाबला.

त्यांचे पाय हलले. डॉक्टरीणबाईंनी कापड उचललं, काळा चष्मा काढला. आबांनी डोळे किलकिले केले, वरच्या दिव्याला बिचकले, आणि मग मी दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. मी माझं तोंड हे एवढं उघडलं, दाढा दिसतील इतकं, आणि पुन्हा अंगठा दाबला. आबांनी तोंड उघडलं. मी छाती फुगवून श्वास घेतला, त्यांनी घेतला. आकडा सत्त्याण्णव झाला. डॉक्टरीणबाई स्वतःशीच म्हणाल्या, औषध बरोबरच होतं.

पुढची पस्तीस मिनिटं मी त्यांच्या पायाशी होते. डोळे झाकले नाहीत, दिवा थोडा बाजूला घेतला. डॉक्टर म्हणायचे ‘खोलो’, मी अंगठा दाबायची, आबा तोंड उघडायचे. दोनदा दाबला की श्वास. शेवटी शेवटी तर त्यांचे डोळे मिटलेले होते तरी दाबला की तोंड उघडत होतं. दाढ तुकड्या-तुकड्यांनी निघाली, हिरडीत सुन्न करायचं इंजेक्शन दिलेलंच होतं, आणि ओकारी एकदाही आली नाही. डॉक्टर टाके घालताना म्हणाले, बेन, तुम्ही आमच्याकडे कामाला या. त्यांचा राग गेला होता. माझी भीती तिथून पुढे सुरू झाली.

बाहेर आबा खाटेवर गुंगीत पडले असताना डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, काका काम काय करतात? आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी सांगितलं. बझर, लाल दिवा, खिशातला दिवा, सगळं. मग मी त्यांच्या पायाच पडले, की सुपरवायझरला सांगू नका. त्यांनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं. म्हणाले, मी नाही सांगणार, ते माझं काम नाही. मिलसाठी दाढेचा दाखला देतो, दोन दिवस आराम. पण हे दुसरं घ्या. कानाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी होती. त्यात लिहिलं होतं की या रुग्णाला ऐकू येत नाही आणि तपासणी होईपर्यंत त्यांनी मशीनजवळ काम करू नये. म्हणाले, निदान तुमच्या वडिलांना तरी दाखवा. निर्णय तुमच्या घरचा.

निर्णय तुमच्या घरचा! माणसं असं बोलून मोकळी होतात. पण त्यांनी तरी दुसरं काय करायचं होतं?

रिक्षात आबा खुशीत होते. तोंडात कापसाचा बोळा, तरी बोलत होते, रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून बघावं इतक्या मोठ्यानं. दाढ निघाली का? मी मान हलवली. दोन मिनिटांनी पुन्हा, दाढ निघाली का? बमरोली येईपर्यंत पाच वेळा विचारलं आणि पाचही वेळा त्यांना तितकाच आनंद झाला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, औषधानं असं होतं, आजचं फारसं आठवणार नाही. संध्याकाळी पेज प्यायला उठवावं म्हणून आईनं अंगठा दाबला, तर त्यांनी झोपेतच आ वासला. आई घाबरली आणि मग हसत सुटली. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते शिफ्टला निघायच्या वेळी मी गेले. आई मागे भांडी घासत होती, बायका नळावर होत्या. आबांनी दाढी केलेली, गालाची सूज उतरलेली, कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा त्यांचा वाटत होता. मिलचा दाखला त्यांच्या हातात दिला. दुसरी चिठ्ठी माझ्या मुठीत होती. त्यांनी दाखला खिशात घातला, लाल दिवा आहे ना ते चाचपलं, आणि मग माझ्या ओठांकडे बघत विचारलं, दवाखान्यात मी गुंगीत काही बोललो तर नाही ना? कुणाला काही कळलं नाही ना?

मी म्हटलं, नाही.

 ते म्हणाले, “तू खोटं बोलस तवय तुनं तोंड पुरं उघडत नही.”

आयुष्यभर ओठ वाचलेला माणूस. त्याच्यापुढे माझं काय चालणार. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, “सांग मंग. काय बोलनू मी?”

नळावरच्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज काढला नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि नुसत्या ओठांनी सांगितलं, तोंड पुरं उघडून, एकेक शब्द. की तू म्हणालास अंधार झालाय. तू विचारलंस कोण आहे. तू म्हणालास, मला काहीच ऐकू येत नाही. तू मला शोधत होतास, आणि मी तिथे सांगितलं, पाणी मागतायत. मग मी खरं सांगितलं. डॉक्टरांना माहीत आहे, ते बोलणार नाहीत. पण ते म्हणाले, तू मशीनवर उभं राहू नकोस. आबा, मी पण तेच म्हणते. मला रोज भीती वाटते. मी मूठ उघडून चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली.

आबा माझ्या ओठांकडे शेवटपर्यंत बघत होते. मग त्यांनी चिठ्ठीची बारीक घडी केली, खिशात दिव्याशेजारी ठेवली, आणि मान हलवली. हां, ठीक शे. अगदी तशीच, डॉक्टरांसमोर हलवली होती तशी. त्यांना सगळं कळलं, की शेवटचं कळलंच नाही, की कळून न कळल्यासारखं केलं, मी अजून ठरवू शकलेले नाही. त्यांनी डबा उचलला, सायकल काढली आणि पांडेसऱ्याकडे शिफ्टला गेले. ते वळणावर पोहोचले तेव्हा मी पाठीमागून ‘आबा’ म्हणून हाक मारली. ते गेले.